नवा टॅब घ्यावा का? आधी परिमाण, मग पैसे



दरवर्षी आश्विन संपत आला की दोन गोष्टी बरोबरच येतात. एकीकडे महावीरस्वामींच्या निर्वाण कल्याणकाची तयारी, बेला-तेला करणाऱ्यांची नावे, घराची आवराआवर; आणि दुसरीकडे फोनवर सेलच्या मेसेजचा पाऊस. यंदा आमच्या स्वाध्याय मंडळात फराळापेक्षा जास्त चर्चा झाली ती टॅबची. "माझा फार मंद झालाय", "एक्स्चेंजमध्ये घेतात म्हणे", "सून म्हणते आई, आता नवा घ्या". प्रश्न एकीचा नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

हा प्रश्न सगळ्यांच्या घरी एकाच वेळी का आला, त्याचे कारण सरळ आहे. आपल्यापैकी बहुतेकींकडे टॅब आला तो २०२०-२१ मध्ये. स्थानके आणि मंदिरे बंद होती, प्रवचने आणि शिबिरे झूमवर गेली, मुलांची पाठशाळाही पडद्यावर भरू लागली. फोनच्या एवढ्याशा काचेवर डोळे दुखू लागले, तेव्हा घरोघरी टॅब घेतले गेले. ते सगळे आता पाच वर्षांचे झाले आहेत. माणसाच्या हिशेबाने बालवाडीत, यंत्राच्या हिशेबाने साठीत.

माझे मत आधीच सांगून टाकते. टॅब मंद झाला एवढ्यावरून नवा घेऊ नये. आणि टॅब खरोखर कामाचा उरला नसेल, तर अपरिग्रहाचे नाव पुढे करून तो रेटत बसू नये. पहिले वाक्य आपल्या घरात सर्वांना पटते. दुसरे वाक्य मात्र खास आपल्यासाठी, बायकांसाठी आहे. त्यावर शेवटी येते.

वहीतला हिशेब

कॉमर्स शिकलेल्या बाईला घसारा शिकवावा लागत नाही. आयकराच्या नियमात संगणक वर्गातल्या वस्तूंना घटत्या शिलकेवर ४० टक्के घसारा धरतात. आपण घरात वापरतो, आपल्याला त्याची वजावट मिळत नाही. पण हिशेबाची रीत उपयोगी आहे. २०,००० रुपयांचा टॅब पहिल्या वर्षाअखेर १२,००० चा, दुसऱ्या वर्षी ७,२०० चा, तिसऱ्या वर्षी ४,३२० चा, चौथ्या वर्षी २,५९२ चा आणि पाचव्या वर्षी १,५५५ चा उरतो. म्हणून एक्स्चेंजवाल्याने दीड हजार सांगितले तर राग मानू नये. तो आपल्याला लुबाडत नाही, वहीसुद्धा तेच म्हणते. आपण जळगावकर सोन्याच्या बाजारात वाढलो. सोने मोडले तर त्या दिवसाचा भाव मिळतो. टॅब मोडला तर काच मिळते. टॅब घेणे ही गुंतवणूक नाही, खर्च आहे, आणि खर्च म्हणूनच तो तपासावा.

आता खर्च म्हणून पाहा. तोच टॅब पाच वर्षे वापरला तर वर्षाला ४,००० रुपये, म्हणजे दिवसाला अकरा रुपये पडतात. रोज एक प्रवचन ऐकायला अकरा रुपये काही जास्त नाहीत. पण दर तीन वर्षांनी बदलत गेले तर पंधरा वर्षांत पाच टॅब, एक लाख रुपये. दर पाच वर्षांनी बदलले तर तीन टॅब, साठ हजार. मधले चाळीस हजार केवळ घाईचे.

त्या २०,००० मध्ये १८ टक्के जीएसटीही आहे, म्हणजे ३,०५१ रुपये. दुकानदाराला त्याचे क्रेडिट मिळते, घराला मिळत नाही. आणि 'नो कॉस्ट ईएमआय' या शब्दाला भुलू नका. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, अशा अर्थाची तंबी रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना दिली होती. व्याज असतेच, ते सवलतीच्या रूपाने इकडून तिकडे फिरवलेले असते. वर व्याजाच्या रकमेवर जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी. रोखीने घेणाऱ्याला तीच सवलत मिळते का, एवढे एकच विचारा. उत्तर ऐकून कळते.

उलट टोकालाही जाऊ नये. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब आणला, किंमत जेमतेम सव्वादोन हजार रुपये. केवढा गाजावाजा झाला होता! पण त्याच्या पडद्यावर बोट टेकवून भागत नसे, दाबावे लागे, आणि वेग तर विचारूच नका. स्वस्त वस्तू वापरलीच गेली नाही तर तिचा सगळाच पैसा वाया जातो. म्हणून अगदी अनोळखी नावाचा चार-पाच हजारांचा टॅब हा माझ्या लेखी काटकसरीत बसत नाही.

मंद होणे वेगळे, मुदत संपणे वेगळे

यंत्र मंद होण्याची कारणे बहुधा आपल्याच हातात असतात. साठवणुकीची जागा पाहा. सुप्रभातचे व्हिडिओ, एकाच लग्नाचे चारशे फोटो, कुणीतरी पाठवलेली आणि एकदाही न उघडलेली पीडीएफ पुस्तके. जागा भरत आली की कोणताही टॅब धापा टाकतो. ते काढा, न वापरलेले अ‍ॅप काढा, आठवड्यातून एकदा पूर्ण बंद करून चालू करा. निम्म्या टॅबांचे दुखणे एवढ्याने पळते.

दुसरे कारण बॅटरी. आपल्या खान्देशात हे विसरून चालत नाही. या यंत्रांसाठी आजूबाजूची हवा साधारण ३५ अंशांपर्यंत असावी, असे कंपन्या सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही, तिची ताकद कायमची घटते. दुपारी बाराला टॅब चार्जिंगला लावून उशीखाली ठेवणे, ओट्यावर शेगडीशेजारी उभा करणे, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर टाकणे, हे आपण सगळ्या करतो. पहाटे प्रतिक्रमणानंतर किंवा रात्री चार्ज करावा, कव्हर काढून, मोकळ्या हवेत. बॅटरी थकली असेल तर बॅटरी बदलता येते. गोलाणी मार्केटात माझ्या टॅबला बॅटरी बसवायचे १,८०० रुपये सांगितले. त्यावर आणखी दोन वर्षे निघाली तर वर्षाला ९०० पडतात, नव्या टॅबचे ४,०००. इथे हिशेब तोंडीसुद्धा होतो.

पण बॅटरी फुगलेली दिसली, काच किंवा पाठ उचलल्यासारखी वाटली, तर तो टॅब चार्ज करू नका, दाबून बसवू नका. लगेच जाणकाराकडे न्या. तिथे काटकसर चालत नाही.

आता मुदत. ही गोष्ट दुकानात कुणी आपण होऊन सांगत नाही. टॅबच्या आत जी प्रणाली असते तिला कंपनी काही वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवते आणि मग थांबते. अँड्रॉइडच्या टॅबमध्ये सेटिंग्जमध्ये 'अबाउट टॅब्लेट' उघडून 'सिक्युरिटी पॅच' पुढची तारीख वाचा. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर दुरुस्त्या थांबल्या असे समजा. आयपॅडचे उदाहरण घ्या: २०१९ चा सातव्या पिढीचा आयपॅड २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये बसला नाही, २०२० चा आठव्या पिढीचा बसला. म्हणजे सहाएक वर्षे. आता काही कंपन्या महागड्या टॅबना सात वर्षे दुरुस्त्या देऊ म्हणतात. म्हणून नवा घेताना रंग आणि कॅमेरा विचारण्याआधी विचारावे, "दुरुस्त्या कोणत्या सालापर्यंत?" आणि दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल स्वस्तात मिळत असेल तर त्याची दोन वर्षे आधीच सरली आहेत, हे किमतीतून वजा करावे.

मुदत संपली म्हणून टॅब लगेच निरुपयोगी होत नाही. प्रवचन ऐकणे, नातवंडांशी बोलणे, पीडीएफ वाचणे चालू राहते. फक्त त्यावर बँकेचे काम करू नये, पासवर्ड साठवू नयेत. एवढी एक रेघ ओढली तर जुना टॅब आणखी बराच काळ शहाण्यासारखा वापरता येतो. खरी अडचण तेव्हा येते, जेव्हा आपल्या गरजेचे अ‍ॅपच त्यावर बसेनासे होते.

व्रताचा हिशेब

पैशाची वही बंद केल्यावर आपली दुसरी वही उघडावी लागते. श्रावक-श्राविकेच्या पाचव्या अणुव्रतात, परिग्रह परिमाणात, वस्तूंची मर्यादा आपली आपण ठरवायची असते. उपासकदशांगातला आनंद श्रावक आठवा. चार कोटी सुवर्ण निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरप्रपंचात आणि दहा-दहा हजार गायींची चार गोकुळे. एवढ्या श्रीमंत माणसाने भगवंतांसमोर व्रत घेतले ते हेच, की आहे याच्या पुढे नाही. त्याने सगळे टाकले नाही, रेघ ओढली. तत्त्वार्थसूत्रातही परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली आहे. तेव्हा टॅब असणे हा दोष नाही. रेघ नसणे हा दोष आहे.

शास्त्रात नऊ प्रकारच्या परिग्रहात घरातली भांडीकुंडी आणि सामानसुमान 'कुप्य' या नावाखाली येते. टॅबही मी त्यातच धरते. आणि या व्रताचे अतिचार वाचले की हसू येते, इतके ते आपल्या घरातले वाटतात. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात माणूस पळवाटा कशा काढतो ते सांगितले आहे. भांड्यांची संख्या ठरली आहे, मग दोन भांडी वितळवून एक मोठे करायचे. शेतांची संख्या ठरली आहे, मग मधला बांध काढून दोन शेतांचे एक करायचे. धान्य मर्यादेबाहेर जाते, तर व्यापाऱ्याला सांगायचे, बांधून तुझ्याकडेच ठेव, मुदत संपली की नेतो. मोजणी बरोबर, व्रत मात्र गेले.

आता आपले पाहा. नवा टॅब आला, जुना "नातवाच्या नावाने" कपाटात. त्याआधीचा "पाहुण्यांसाठी". त्याआधीचा "लागला तर असावा". विचारले तर आपण म्हणतो, माझा एकच टॅब आहे. नऊशे वर्षांपूर्वीची पळवाट आणि ही पळवाट, यात फरक मला तरी सापडत नाही. म्हणून माझा साधा नियम आहे: नवा घरात येण्याच्या आधी जुना कुठे जाणार ते ठरलेले असावे. ते ठरत नसेल तर नवा येऊ नये.

हिंसेचाही विचार आलाच. पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याचा, खाणीचा धंदा श्रावकाला वर्ज्य सांगितला आहे. टॅबमधले लिथियम, कोबाल्ट, तांबे, सोने हे सगळे खाणीतूनच येते. आपण खाण चालवत नाही, पण गरज नसताना नवा टॅब घेतो तेव्हा त्या फोडण्याचे गिऱ्हाईक होतो. शिवाय जुन्याचे काय? संयुक्त राष्ट्रांशी संबंधित संस्थांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के नीट गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. उरलेला कुठेतरी जळतो, ॲसिडमध्ये बुडतो, मातीत आणि पाण्यात उतरतो. पृथ्वीकाय, अप्काय जीवांची यतना करणाऱ्या आपण, पाणी गाळून पितो. टॅब भंगारवाल्याच्या गाडीत टाकताना ती यतना आठवायला हवी.

आणखी एक. आपण सगळ्याच म्हणतो, "मी टॅब स्वाध्यायासाठी घेतला." ज्ञानपंचमीला आपण ग्रंथ, पाटी, लेखणी या ज्ञानाच्या उपकरणांची पूजा करतो, दिगंबर भगिनी श्रुतपंचमीला करतात. टॅब त्या रांगेत बसतो का? बसू शकतो. पण टॅब स्वतःच त्याची साक्ष देतो. सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडा, आठवड्याचा हिशेब समोर येतो: प्रवचन किती तास, मालिका किती तास, साड्यांचे लाइव्ह किती तास. मालिका पाहू नये असे मी म्हणत नाही. पण मालिकांसाठी वेगवान टॅब हवा असेल तर तो मालिकांसाठीच मागावा, त्यावर स्वाध्यायाचे पांघरूण घालू नये. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत तर टॅबला हात लावायचा नसतोच, तिथे छापील पुस्तकच लागते. आणि पुस्तकाला अपडेट लागत नाही.

जुने बायकांच्या वाट्याला

आता ते दुसरे वाक्य. आपल्या घरांत एक रीत पडली आहे. मुलाचा फोन दोन वर्षांनी बदलतो, तो धंद्यासाठी. सुनेचा बदलतो, तो तिच्या कामासाठी. नातवाचा बदलतो, अभ्यासासाठी. आणि त्यांनी टाकलेले जे उरते ते आईकडे किंवा आजीकडे येते. तिने नवा मागितला की मात्र सगळ्यांना अपरिग्रह आठवतो. बऱ्याचदा सगळ्यात आधी तिलाच आठवतो: "माझ्यासाठी कशाला एवढा खर्च?"

मला हे मान्य नाही. व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते. दुसऱ्याने आपल्यावर घातलेली मर्यादा हे आपले व्रत होत नाही, आणि मन मारून गप्प बसणे म्हणजे मूर्च्छा सुटणे नाही. परिमाण ठरवायचे तर ते सगळ्या घराचे ठरू द्या. दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी घरातल्या सगळ्या पडद्यांची यादी करा: टीव्ही, फोन, लॅपटॉप, टॅब, कपाटातले बंद पडलेलेसुद्धा. आमच्या घरी चार माणसांत अकरा निघाले. मग आजीच्या बाराव्या टॅबवर चर्चा करण्याआधी त्या अकरांवर करता आली.

साठीनंतर डोळे कमी होतात, गुडघे दुखतात, रोज स्थानकापर्यंत जाणे होत नाही. अशा वेळी मोठ्या अक्षरात आगमाचा अनुवाद वाचता येणे, पुण्यात चातुर्मास असलेल्या महाराज साहेबांचे प्रवचन घरी ऐकता येणे, नवकारशीची वेळ पाहण्यासाठी नातवाला हाक मारावी न लागणे, याला मी चैन म्हणणार नाही. ते तिचे स्वावलंबन आहे, त्याची किंमत दिवसाला अकरा रुपये असेल तर ती घराने द्यावी.

एकच कसोटी, दोन निर्णय

माझा टॅब २०२० चा, दहा इंची. अक्षर नीट दिसते, प्रवचन अडकत नाही, लागणारी सगळी अ‍ॅप चालतात. बॅटरी लवकर उतरते आणि दुरुस्त्या थांबल्या आहेत. मी नवा घेणार नाही. बॅटरी बदलते, बँकेचे काम त्यावरून काढून टाकते, आणि पुढच्या ज्ञानपंचमीला पुन्हा पाहते.

माझी धाकटी बहीण धुळ्याला असते. तिचा टॅब आठ इंची, भाच्याने वापरून दिलेला. पाठशाळेचे अ‍ॅप त्यावर आता बसत नाही, काच तडकलेली, आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊनही तिला बारीक अक्षर वाचवत नाही. ती म्हणते, "राहू दे ताई, चालवते." तिला मी स्पष्ट सांगितले, "तू घे. दहा-अकरा इंची घे, दुरुस्त्या निदान २०३० पर्यंत असतील असा घे, रोखीने घे, आणि जुना त्याच दिवशी घराबाहेर काढ." दोघींना कसोटी एकच लावली: ज्या कामासाठी वस्तू ठेवली ते काम ती करते का? माझी करते, तिची करत नाही.

जुना देताना

जुना टॅब चालत असेल तर तो वापरणाऱ्या माणसाला द्या, कपाटाला देऊ नका. देण्याआधी फोटो काढून घ्या, मेमरी कार्ड आणि सिम काढा, गुगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडा आणि मग 'फॅक्टरी रीसेट' करा. खाते न काढता दिला तर घेणाऱ्याला तो उघडतच नाही, मग ते दान कसले. आणि ज्याला देता त्याला बॅटरीचे आणि दुरुस्त्यांचे खरे सांगा. बंद पडलेला असेल तर नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात किंवा कंपनीच्या परतीच्या सोयीतच द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा नवा घेताना "जुना बंद टॅब घेता का आणि पुढे कुठे पाठवता?" असे विचारायला लाजू नका.

यंदा वहीपूजनाला पहिल्या पानावर 'श्री' लिहून झाले की शेवटच्या पानावर एक ओळ लिहा: माझ्यासाठी किती पडदे पुरेत. आकडा तुमचा, एक असो वा दोन. तो लिहिला की सेलचा मेसेज वाचायला अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही.